बसचं डिटेलिंग: दर ठरवण्याआधी मापपट्टी हातात घ्या

गेल्या काही महिन्यांत ट्रॅव्हल्सच्या बस, स्लीपर कोच आणि टेम्पो ट्रॅव्हलर अशा मोठ्या गाड्यांच्या डिटेलिंगबद्दल, म्हणजे बारकाईने धुणं, पॉलिश आणि आतल्या सफाईच्या कामाबद्दल, नागपूर आणि आसपासच्या वाचकांचे बरेच प्रश्न आले. या वेळचं सदर त्यांच्यासाठीच आहे. उत्तरांतले रुपयांचे आकडे हिशोबाची रीत कळावी म्हणून नमुन्यादाखल धरले आहेत. तिथे तुमच्या सेंटरचे आकडे टाका.

प्रश्न: माझं कारचं डिटेलिंग सेंटर आहे. एका ट्रॅव्हल्सवाल्यांनी १२ मीटरच्या सीटर बसला बाहेरून रबिंग-पॉलिश करायचं काय घ्याल असं विचारलंय. बस पांढरी, पाच वर्षं जुनी, रंगाची चमक गेली आहे. हॅचबॅकचे मी ६,००० रुपये घेतो. बस म्हणजे चार कार असं धरून २४,००० सांगू का?
— एक वाचक, हिंगणा रोड

सांगू नका. या कामाचा तुमचा स्वतःचा खर्चच २४,०००च्या वर जाईल. बस कारच्या पटीत मोजता येत नाही. कारचं काम उभ्या-उभ्या होतं, बसचं निम्मं काम परांचीवर चढून करावं लागतं. त्यात पत्रा, ॲल्युमिनियम आणि फायबर असे तीन प्रकारचे पॅनल एकाच गाडीत भेटतात.

आधी माप घ्या. बसची लांबी १२ मीटर, रुंदी २.६ मीटर आणि स्कर्टपासून (बॉडीच्या खालच्या कडेपासून) टपापर्यंत बॉडीची उंची ३.२ मीटर धरू. दोन्ही बाजू मिळून ७६.८ चौरस मीटर, पुढचा आणि मागचा शो (बसचं तोंड आणि पाठ) मिळून साधारण १६.६, म्हणजे एकूण ९३.४. त्यातून काचा वजा करा. सीटर बसला त्या साधारण २९ चौरस मीटर भरतात. चाकांच्या कमानी, जाळ्या आणि दिव्यांचे आणखी ४-४.५ गेले. रंगाचं क्षेत्रफळ उरलं ६० चौरस मीटर, म्हणजे ६४५ चौरस फूट. टप यात धरलेला नाही. स्लीपरला काचांच्या दोन ओळी असतात, त्यामुळे तिचं माप वेगळं घ्यावं लागतं.

आता टेस्ट पॅच. त्याशिवाय दर सांगूच नये. ड्रायव्हर साइड, क्लीनर साइड आणि मागचा शो अशा तीन ठिकाणी २ × २ फुटांचा चौकोन टेपने आखून घ्या. तो धुऊन, क्ले (रुतलेले कण ओढून काढणारी मातीसारखी वडी) मारून, जे कंपाउंड (रंगाचा वरचा थर घासणारी पेस्ट) आणि पॅड वापरणार त्यानेच घासून काढा आणि घड्याळ लावा. मागच्या शोवर इंजिनची उष्णता आणि धुराची काजळी बसलेली असते, म्हणून तिथे जवळपास नेहमीच जास्त वेळ लागतो. पॅडवर पांढरा रंग उतरला तर घाबरू नका. आपल्याकडच्या बऱ्याच बसवर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नसतो, नुसता पीयू (पॉलियुरेथेन) रंग असतो. ऊन खाऊन त्याच्या वरच्या थराची भुकटी होते आणि पॅड तीच उचलतं. मात्र रंगावर क्लिअर कोट असेल आणि त्याचे पापुद्रे निघत असतील, तर ते पॉलिशने सुधारत नाही. तो भाग डेंटिंग-पेंटिंगचा आहे, हे मालकाला तिथेच दाखवून द्या.

समजा पॅचला कटिंगला (कंपाउंडने घासायला) ५ मिनिटं आणि फिनिशिंगला (बारीक पॉलिशने चमक आणायला) ३ मिनिटं लागली. ६४५ चौरस फुटांचे असे १६१ चौकोन होतात. कटिंगचे १३.४ तास, फिनिशिंगचे ८ तास, मिळून साडेएकवीस तास मशीन फिरणार. परांची सरकवणं, पॅड बदलणं-झाडणं, पुसणं यासाठी ३५ टक्के वाढवा, म्हणजे २९ तास. बाकीची कामं अशी: धुणं, डांबर आणि लोखंडाचे कण काढणं ६ तास, क्ले ५, मास्किंग (नको त्या जागा टेपने झाकणं) ३, पॅनल पुसून सीलंट (रंग राखणारा वरचा लेप) लावणं ८, काचा-रबर-टायर-रिम ६, शेवटची तपासणी आणि राहिलेल्या जागा ३. बेरीज ६० माणूस-तास.

दोन पॉलिशवाले १,००० रुपये रोजाने आणि एक मदतनीस ७०० रुपये रोजाने धरू. रोजचे २,७०० झाले. सुट्ट्या, चहा-नाश्ता, दिवाळीचा बोनस यासाठी २० टक्के वाढवले की ३,२४०. आठ तासांच्या पाळीत हात प्रत्यक्ष चालतात ते साडेसहा तास, म्हणजे तिघांचे साडेएकोणीस. एका तासाला पडले १६६ रुपये. ६० तासांची मजुरी साधारण १०,००० रुपये आणि काम तीन दिवसांचं. चौथा दिवस हातचा ठेवा.

मालाचा अंदाज: कंपाउंड १ किलो (चौकोनाला ६ ग्रॅम या हिशोबाने) आणि फिनिशिंग पॉलिश ६०० ग्रॅम मिळून २,५०० रुपये, पॅडची झीज २,०००, शॅम्पू-टार रिमूव्हर-आयर्न रिमूव्हर १,८००, आयपीए (पुसायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मायक्रोफायबर १,५००, मास्किंग टेप ९००, सीलंट १,३००. एकूण १०,०००. पॅड मोजून ठेवा. एक पॅड ८-१० चौकोनांनंतर भरून जातं, तसंच चालवलं की रंगावर गोल-गोल धूसर खुणा उमटतात आणि फिनिशिंगचा वेळ दुप्पट होतो. म्हणून आठ-दहा पॅड फिरती ठेवा आणि रोज संध्याकाळी धुवा.

शेडचं भाडं, वीज, पाणी, मशिनांची झीज आणि परांचीचं भाडं मिळून दिवसाला १,५०० धरले तर चार दिवसांचे ६,०००. आतापर्यंतचा खर्च २६,०००. एखादं पॅनल पुन्हा करावं लागलं तर त्यासाठी १० टक्के, म्हणजे २८,६००. यावर नफा धरताना बरेच जण चुकतात. २५ टक्के नफा हवा म्हणून खर्चात २५ टक्के मिळवले तर ३५,७५० होतात, पण त्यात नफा विक्रीच्या २० टक्केच असतो. विक्रीवर २५ टक्के हवा असेल तर २८,६०० ला ०.७५ ने भागा, ३८,१३३ येतील. ३८,००० सांगा, म्हणजे चौरस फुटाला ५९ रुपये. तुमच्या २४,०००मध्ये खर्चच निघत नव्हता.

सिरॅमिक कोटिंग मागितलं तर ते वेगळं लिहा. ३० मिलीची बाटली साधारण एका कारला पुरते, या बसला १८० ते २०० मिली लागेल. वर एक पूर्ण दिवस गाडी कोरडी, शेडमध्ये उभी ठेवावी लागेल.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. फायबरच्या शोवर रंगाची जाडी मोजायचं साधं मीटर आकडाच दाखवत नाही, कारण ते धातूवर चालतं. शिवाय फायबर उष्णता पसरू देत नाही, त्यामुळे कडेला रोटरी (गोल फिरणारं पॉलिश मशीन) दोन सेकंद जास्त थांबली तरी रंग जळतो. फायबरच्या सगळ्या कडा, रिव्हेटच्या ओळी आणि बॉडीच्या धारा टेपने झाका, आणि मशीन १,२०० आरपीएमच्या वर नेऊ नका.

प्रश्न: वाडीतल्या एका मालकाच्या आठ बस आहेत. सगळ्यांचं काम एकत्र देतो म्हणतात, पण २५ टक्के सूट मागतात. शिवाय बस रोज रात्री पुण्याला जातात, फक्त दिवसा उभ्या असतात. प्रत्येक बस एक दिवस जाते, दुसऱ्या दिवशी येते. नियोजन कसं करू?
— एक वाचक, अमरावती रोड

सूट कशातून निघू शकते ते आधी बघा. माल घाऊक घेतला तर मालावर १०-१२ टक्के वाचतील. परांची आणि मशिनं एकदाच लावावी लागतील. तिसऱ्या बसपासून पोरांचा हात बसतो, तेव्हा वेळ जास्तीत जास्त १० टक्क्यांनी घटेल. हे सगळं मिळून किमतीच्या ७-८ टक्क्यांच्या आसपास येतं. २५ टक्के दिले तर नफा पूर्ण गेला आणि आठ बस तुम्ही फुकट केल्या. आठ टक्के द्या, आणि ती सूटसुद्धा शेवटच्या दोन बसच्या बिलात द्या. म्हणजे मधेच तीन बसवर काम थांबलं तर तुमचं नुकसान होणार नाही.

दिवसाउभ्या बसचं काम महाग पडतं, स्वस्त नाही. सकाळी नऊला बस आली, झाडलोट आणि डिझेल होऊन साडेदहाला हातात आली, संध्याकाळी पाचला परत द्यायची. हातात सहा-साडेसहा तास. आणि प्रत्येक वेळी ती सातशे किलोमीटरचा धुरळा घेऊन येणार, म्हणजे दर खेपेला पुन्हा धुवायची. एका धुण्याचे दोन माणूस-तास धरा. काम चार खेपांत तोडलं तर सहा तास जास्तीचे गेले, म्हणजे बसमागे हजार रुपये. ते दरात टाका.

भाग असे पाडा: पहिल्या खेपेला पूर्ण बस धुऊन, डांबर-कण काढून मागचा शो, दुसऱ्या खेपेला ड्रायव्हर साइड, तिसऱ्या खेपेला क्लीनर साइड, चौथ्या खेपेला पुढचा शो, काचा आणि चाकं. जी बाजू घ्याल ती त्याच दिवशी कटिंगपासून सीलंटपर्यंत संपवा. कटिंग केलेली बाजू उघडी ठेवून बस रात्रीच्या फेरीला सोडली, तर सकाळी ती धूळ आणि किड्यांनी माखून येते आणि अर्धं काम पुन्हा करावं लागतं. या पद्धतीत सिरॅमिक कोटिंगचं नावही काढू नका, ते सुकायला वेळच मिळत नाही. स्प्रे सीलंटवर थांबा.

पुढच्या शोवरचे किडे ओल्या मायक्रोफायबरने दहा मिनिटं झाकून ठेवा, मग पुसा. समृद्धी महामार्गावरून रात्रभर पळालेल्या गाडीवर ते जाड थरात असतात. ते कोरडे घासले तर ओरखडे पडतात, उन्हात ठेवले तर त्यांतली आम्लं रंग खातात.

मालकाला एक पर्याय मात्र जरूर सुचवा. लग्नसराई आणि दिवाळीच्या हंगामात बस मोकळी मिळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये प्रवासी कमी असतात आणि गाड्या दोन-दोन दिवस उभ्या राहतात. त्या वेळी बस सलग चार दिवस मिळाली तर बसमागे तुमचे हजार रुपये वाचतात, तीच खरी सूट. अट इतकीच की शेड हवी: १५ मीटर लांब, साडेपाच मीटर रुंद, आणि टपावरचा एसी धरून वर डोकं लागणार नाही इतकी उंच. बाजूला सव्वा मीटर जागा नसेल तर परांची फिरत नाही.

प्रश्न: मे महिन्यात काम घ्यावं का?
— एक वाचक, बुटीबोरी

घ्या, पण वेळ बदलून आणि दर वाढवून. नागपुरात मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो. उन्हातल्या पत्र्यावर हात टेकवत नाही. अशा पत्र्यावर शॅम्पू टाकला की पाणी उडून जातं आणि साबणाचे डाग बसतात. अल्कलाइन क्लीनरचे तर कायमचे बसतात. उलटा हात पत्र्यावर पाच सेकंद ठेवता आला नाही, तर त्यावर कुठलंही केमिकल टाकायचं नाही.

पहाटे साडेपाच ते दहा आणि संध्याकाळी साडेसहानंतर काम करा. कंपाउंड लवकर सुकतं आणि भुकटी उडते, म्हणून चौकोन दीड-दीड फुटांचा करा, मशीनचा वेग कमी करा आणि पॅडवर पाण्याची एक फवार मारा. या सगळ्यात पॉलिशिंगचा वेळ २५ टक्के वाढतो. वरच्या उदाहरणात २९ चे ३६ तास होतील, एक दिवस जास्त लागेल. मजुरी ११६२ आणि शेड १,५००, म्हणजे खर्च सुमारे २,७०० ने वाढला. मास्किंग टेप रात्रभर ठेवू नका. उन्हात तापून तिचा गोंद रंगाला चिकटतो आणि तो काढण्यातच अर्धा दिवस जातो. लू सुटलेल्या दिवशी कोटिंग करूच नका. आणि पोरांना दुपारी एक ते चार सक्तीची सुट्टी द्या, पाण्यासोबत ओआरएस ठेवा. पत्र्याच्या शेडखाली मशीन धरून उभ्या माणसाला उष्माघात व्हायला वेळ लागत नाही.

प्रश्न: आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. बस धुतली की काचांवर पांढरे ठिपके राहतात. मालक म्हणतात, पॉलिशमध्येच काचा पण करून द्या.
— एक वाचक, कामठी रोड

पॉलिशमध्ये धरू नका. ते ठिपके म्हणजे पाण्यातला चुना. ताजे असतील तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, थंड काचेवर, दोन-तीन मिनिटं ठेवून धुतल्यावर निघतात. महिनोन्महिने उन्हात भाजलेले ठिपके काचेत रुततात. त्यांना सेरियम ऑक्साइडची पेस्ट आणि फेल्ट पॅड लागतं, आणि चौरस मीटरला २० ते ३० मिनिटं जातात. २९ चौरस मीटर काचांचे दहा ते साडेचौदा तास झाले. हे वेगळ्या ओळीत, वेगळ्या दराने लिहा. ड्रायव्हरसमोरच्या काचेवर वायपर फिरतो त्या भागात एकाच जागी जोर लावू नका. काच तिथे किंचित दबली तर रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाटलेले दिसतात, आणि ते जिवाशी आहे.

बाजारात सुट्टं मिळणारं ‘ॲसिड’ काचेला किंवा ॲल्युमिनियमच्या रिमला लावायचा मोह टाळा. त्यातल्या काहींत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते काच खातं, आणि कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतं. सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून माणूस धुवायचा थांबतो.

कायमचा उपाय शेवटच्या पाण्यात आहे. धुणं बोअरच्या पाण्याने करा, एका बसला प्रेशर वॉशरने साधारण ४०० लिटर जातं. शेवटचं खंगाळणं मात्र आरओच्या ४०-५० लिटर पाण्याने करा. त्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ५०च्या आत असावा. मग बस आपोआप सुकली तरी डाग पडत नाहीत. महानगरपालिकेचं नळाचं पाणी बोअरपेक्षा बरंच बरं पडतं. ते उपलब्ध असेल तर आरओसुद्धा त्यावरच चालवा, मेम्ब्रेन जास्त टिकेल.

कोराडी-खापरखेडा या वीज केंद्रांच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर राखेचा बारीक थर असतो. तो कोरड्या फडक्याने कधीही झाडू नका. ती राख खरखरीत असते, एका पुसण्यात बाजूभर ओरखडे येतात. आधी फोम, पाच मिनिटं थांबणं, मग वरून खाली पाणी.

प्रश्न: ३६ बर्थची एसी स्लीपर आहे. आत वास येतो आणि प्रवासी ढेकणांची तक्रार करतात. इंटेरियरचा दर कसा काढायचा?
— एक वाचक, गणेशपेठ

ढेकूण ही डिटेलिंगची जबाबदारी म्हणून घेऊ नका. आधी परवानाधारक पेस्ट कंट्रोल, मग साधारण दोन आठवड्यांनी त्यांचीच दुसरी फवारणी, कारण पहिल्या फवारणीतून अंडी वाचतात. तुमचं काम दुसऱ्या फवारणीनंतर. त्याच्या आधी शॅम्पू मारलात तर औषध धुऊन जाईल. वाफ मारणार असाल तर शिवणी आणि बर्थच्या सांध्यांवरून नळी फुटाला दहा सेकंद इतक्या सावकाश फिरवा. भरभर फिरवलेल्या वाफेने ढेकूण मरत नाहीत, नुसते आत पळतात.

वेळ असा मोजा: एका बर्थला गादी दोन्ही बाजूंनी, चौकट, बाजूचं पॅनल, रॅक आणि पडद्याची पट्टी मिळून २० मिनिटं. ३६ बर्थचे १२ तास. एसीच्या ७२ जाळ्या दोन मिनिटांप्रमाणे अडीच तास. पॅसेज, केबिन, डॅशबोर्ड, आतल्या काचा ८ तास. एकूण साडेबावीस-तेवीस माणूस-तास, वर वाळवण्याचा वेळ. पडदे लॉन्ड्रीला द्या, दर मालकाकडून वेगळा घ्या.

वास गादीत असतो असं सगळ्यांना वाटतं. पुष्कळदा तो एसीत असतो. रिटर्न एअरची जाळी धुळीने बंद झालेली, कॉइलवर ओली माती, आणि पाणी जायची नळी तुंबलेली असते. ती नळी साफ न करता सुगंधी फवारा मारला तर दोन दिवसांत वास परत येतो आणि बोल तुम्हाला लागतो. म्हणून कामाची सुरुवात टपावरच्या एसी युनिटपासून करा, आणि कॉइल धुवायला एसी मेकॅनिकच बोलवा.

पाणी हात आखडून वापरा. कापडी सीटला ३०० ते ५०० मिलीच्या वर पाणी गेलं की फोम आतपर्यंत भिजतो. पावसाळ्यात तो दोन दिवस वाळत नाही, आणि बुरशीचा वास पहिल्या वासापेक्षा वाईट. दोन ब्लोअर आणि बसचा एसी चालू ठेवून वाळवा. गादी हाताने दाबून तळव्याला गारवा लागला तर गाडी देऊ नका. काम सुरू करण्याआधी बॅटरीचा कट-ऑफ बंद करा, चार्जिंगचे पॉइंट आणि वाचायचे दिवे टेपने झाका. गोंदाने चिकटवलेल्या रेक्झिनच्या पॅनलवर वाफ मारू नका, गोंद सुटतो आणि पॅनल फुगतं.

प्रश्न: माझ्या बससाठी एकाने १५,००० सांगितले, दुसऱ्याने ४२,०००. दोघंही ‘पूर्ण पॉलिश’ म्हणतात. फरक कसा ओळखू?
— एक बसमालक, वर्धा रोड

दोघांकडूनही २ × २ फुटांचा पॅच करून घ्या. मग त्यावर एक भाग आयपीए आणि चार भाग पाण्याचं मिश्रण मारून पुसा, आणि मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा. स्वस्त कामात बहुतेकदा एकाच हातात तेलकट पॉलिश मारलेलं असतं. ते ओरखडे भरून झाकतं, आणि आयपीएने पुसलं की सगळे परत दिसतात. बसवर ते दोन-तीन धुण्यांत जातं.

मग दोघांना पाच गोष्टी लिहून मागा: किती चौरस फूट, टप धरला आहे का, कटिंग आणि फिनिशिंग वेगळं होणार का, शेवटी सीलंट कोणतं, आणि किती दिवस गाडी लागेल. जो ‘एका दिवसात देतो’ म्हणतो त्याला किती माणसं लावणार ते विचारा. ६० तासांचं काम एका दिवसात करायला नऊ-दहा हात लागतात. तितके नसतील तर काही टप्पे गळणारच. तुमची गरजच फक्त दोन महिन्यांच्या लग्नसराईपुरती चमक असेल, तर १५,०००चं कामही घेता येईल. फक्त काय विकत घेताय ते माहीत असू द्या.

प्रश्न: बसवर मालकाच्या नावाचे मोठे स्टिकर आहेत. त्यावरून मशीन फिरवता येईल?
— एक वाचक, नंदनवन

नाही. विनाइलवर रोटरी फिरली की कडा वितळतात. कडेपासून दोन इंच टेप लावून त्याबाहेर थांबा, स्टिकरवर हाताने नुसता स्प्रे सीलंट. प्रेशर वॉशरची नळी फूटभर लांब, कडेला समांतर न धरता वरून. जुने, तडे गेलेले स्टिकर आधीच फोटोत घ्या, नाहीतर ते तुमच्याच पाण्याने निघाले असं होईल. मालक स्टिकर काढून टाका म्हणाले तर आधी एक कोपरा उचलून दाखवा. खालचा रंग गडद आणि आजूबाजूचा फिका असतो, आणि तो फरक पॉलिशने पूर्ण जात नाही.

लाल-पिवळ्या-पांढऱ्या रिफ्लेक्टिव्ह टेपवर तर कंपाउंडचा शिंतोडाही नको. ती धूसर झाली तर रात्री गाडी दिसत नाही, आणि पासिंगला अडते.

प्रश्न: मालक म्हणतात मागचं इंजिनही प्रेशरने धुऊन द्या.
— एक वाचक, मानेवाडा

नको म्हणा. बीएस-६ गाड्यांच्या इंजिनाजवळ सेन्सर, त्यांच्या वायरिंगचे जोड आणि आग विझवणाऱ्या यंत्रणेच्या नळ्या असतात. तिथे १५० बारचं पाणी गेलं आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यात गाडीने चेक लाइट दाखवला, तर टोइंगचा खर्च तुमच्या नावावर. गार इंजिन, हाताने डिग्रीझर, ब्रश, ओलं फडकं. तेवढंच द्या, आणि अंदाजपत्रकात तसंच लिहा.

प्रश्न: मालकाची प्रायव्हेट लिमिटेड आहे. बिलातून टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापणार म्हणतात. माझी जीएसटी नोंदणी नाही. पैसे किती हातात येतील, आणि ॲडव्हान्स किती मागू?
— एक वाचक, महाल

सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. मात्र नोंदणी नसताना बिलावर जीएसटीची ओळ टाकता येत नाही. नोंदणी असेल तर या कामाला १८ टक्के लागतो, म्हणून दर सांगताना ‘जीएसटी वेगळा’ हे पहिल्या दिवशीच लिहा. नंतर सांगितलं तर ३८,०००वर ६,८४० रुपये कुणी द्यायचे यावर वाद होतो.

टीडीएस हा कंत्राटी कामावरचा. एका कामाचे पैसे ३०,०००च्या वर, किंवा वर्षभरात मिळून एक लाखाच्या वर गेले की कंपनी तो कापते. तुम्ही स्वतःच्या नावावर धंदा करत असाल तर १ टक्का, भागीदारी फर्म किंवा कंपनी असेल तर २ टक्के. ३८,०००वर ३८० कापले जातील, ते तुमच्या पॅनवर जमा होतात आणि रिटर्न भरताना वळते करून घेता येतात. पॅन दिला नाही तर २० टक्के, म्हणून तो बिलावर छापाच.

ॲडव्हान्स मालाच्या आणि पहिल्या दोन दिवसांच्या मजुरीइतका तरी हवा. वरच्या उदाहरणात माल १०,००० आणि मजुरी साडेसहा हजार, म्हणजे ४० ते ४५ टक्के. दुसरा ४० टक्क्यांचा हप्ता कटिंग पूर्ण झाल्यावर, फिनिशिंगला हात लावण्याआधी घ्या. उरलेली रक्कम गाडी ताब्यात देताना, दिवसाच्या उजेडात, मालक किंवा त्यांचा मॅनेजर बसभोवती तुमच्यासोबत एक फेरी मारून सही करेल तेव्हा. रात्री ट्यूबलाइटखाली गाडी देऊ नका. गाडी आली त्या दिवशीचे डेंट, तडे आणि ओरखड्यांचे फोटो त्यांच्या मोबाईलवर आधीच पाठवलेले असले की या फेरीला अर्धा तास पुरतो.